राउटर बदलण्याआधी भिंतीतली वायर बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या खरेदीनिमित्त आपण काढलेल्या पुरवणीत घरचं इंटरनेट वेगवान कसं करावं, यावर अर्धं पान मजकूर होता. नवा राउटर घ्या, जास्त अँटेनांचा घ्या, घर मोठं असेल तर तीन डब्यांचा मेश संच (वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून एकमेकांशी जोडलेले राउटर) घ्या आणि प्लॅनही वाढवून घ्या, असा त्याचा एकूण सूर. शेजारीच त्याच वस्तूंच्या जाहिराती. जाहिरातींबद्दल माझी तक्रार नाही, त्यावरच पेपर चालतो. पण त्या अख्ख्या मजकुरात वायरीबद्दल एक ओळही नाही, म्हणून हे पत्र.

मी दूरसंचार खात्यात केबल जोडायच्या कामावर होतो. खड्ड्यात उतरायचं, जेलीची केबल सोलायची आणि निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी अशा रंगांवरून जोड्या जुळवायच्या, यातच नोकरी गेली. १ ऑक्टोबर २००० ला खात्याची कंपनी झाली, जानेवारी २०२० अखेर स्वेच्छानिवृत्तीच्या लाटेत मीही घरी आलो. आता कोल्हापुरात मंगळवार पेठेत कुणाचं नेट अडलं की पोरं मला हाक मारतात. गंमत म्हणजे लॅनच्या, म्हणजे घरातल्या नेटच्या, केबलीत आजही त्याच रंगांतले पहिले चार असतात, त्यामुळे हात लगेच बसला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. घराच्या दारापर्यंत येणारा वेग आता बहुतेकांना पुरून उरतो. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत होते, २०२३ मध्ये ती किमान मर्यादा २ एमबीपीएस केली (एक एमबीपीएस म्हणजे हजार केबीपीएस). पेठेत आज १०० एमबीपीएसचा प्लॅन सर्रास आहे. व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस लागतात, टीव्हीवर फोर-के चित्र बघायला १५ ते २५, दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला २ ते ४. सासू मालिका बघतेय, नातू गेम खेळतोय, मुलगा पुण्याच्या ऑफिसशी बोलतोय आणि दारावर दोन कॅमेरे आहेत, तरी बेरीज शंभराच्या आतच राहते. मग अडतं कुठं? घरात. काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं आपल्या पुईखडीपर्यंत आलं म्हणून अर्ध्या इंची गंजक्या नळाखालची बादली लवकर भरत नाही, तसंच हे.

आमच्या गल्लीतलंच उदाहरण सांगतो. शेजारच्या वहिनी आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या ऑनलाइन घेतात. घर जुनं, तीन मजली, खाली दगडाचं जोतं आणि वर दीड-दोन फुटी भिंती. "भाऊजी, १०० चा प्लॅन ३०० चा केला, चार अँटेनांचा राउटर आणला, तरी पोरं म्हणतात, मॅडम आवाज तुटतोय," अशी त्यांची तक्रार. नेट देणाऱ्याच्या माणसानं आता ५०० चा प्लॅन घ्या म्हणून सांगितलेलं.

फायबरचा डबा, म्हणजे बाहेरून आलेली काचेची तार जिथं संपते तो, तळमजल्यावर होता, नवा राउटर मधल्या मजल्यावर, आणि दोन्हींमध्ये जोडणीवाल्या पोरानं जिन्यातून वायर ओढलेली. माझा लॅपटॉप मी त्या वरच्या टोकाला थेट लावला. सेटिंगमध्ये नेटवर्कच्या खाली लिंकचा वेग दिसतो. १०००/१००० यायला हवा होता, आला १००/१००. वेग मोजला तर ९४. हा ९४-९५ चा आकडा जिथं दिसेल तिथं समजावं, की वाटेत कुठं तरी दार अरुंद आहे. जॅक, म्हणजे वायरीच्या टोकाचं प्लॅस्टिकचं बोंड, उजेडात धरून बघितला तर आत आठांपैकी चारच तारा बसवलेल्या, निळी आणि तपकिरी जोडी मागं वळवून कापून टाकलेली. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, हजाराला चारही लागतात. तो पोरगा योगायोगानं गल्लीतच काम करत होता, त्याला बोलावून विचारलं तर म्हणाला, "काका, चारवर पण चालतंय की!" चालतंय, खरं आहे. पण ३०० चे पैसे देऊन ९४ चालतंय.

नवा जॅक लावायला पाच मिनिटं पुरतात. बाहेरचं आवरण बोटभर सोलायचं, जोड्यांचा पीळ लागेल तेवढाच सोडायचा, आणि तारा क्रमानं लावायच्या: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. टोकं एका रेषेत कापून आत सारायची, आठही तारांची तोंडं जॅकच्या पुढच्या काचेसारख्या भिंतीला टेकलेली दिसली की मगच पंच (जॅक आवळायची पक्कड) दाबायचा. आवरण जॅकच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर थोडी ओढ लागली की तारा निसटतात. दोन्ही टोकांना क्रम तोच. लिंक १००० वर गेली, वेग २९० च्या घरात आला.

पण इथं थांबलो असतो तर वहिनींचा आवाज तुटायचा राहिला नसता. ९४ सुद्धा बोलायला भरपूर आहे. त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. त्या शिकवायला बसतात मागच्या खोलीत, आणि राउटर पुढच्या खोलीत शोकेसवर. मध्ये दोन जाड भिंती आणि एक लोखंडी कपाट. वाय-फायच्या लहरींचे वेगवेगळे पट्टे असतात. पाच गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढं दमतो. २.४ चा पट्टा भिंतीतून जरा बरा जातो, पण त्यावर एकमेकांवर न चढणारी चॅनेल, म्हणजे वेगळ्या वाटा, तीनच, १, ६ आणि ११, आणि पेठेत भिंतीला भिंत लागून घरं. गल्लीतली वीस-पंचवीस नावं त्यांच्या फोनवर दिसत होती, सगळी त्याच गर्दीत. ५०० चा प्लॅन घेतला असता तरी ही भिंत तिथंच राहिली असती. आम्ही मागच्या खोलीपर्यंत एक केबल भिंतीवरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीतून नेली आणि लॅपटॉपला यूएसबीचा लॅन अडॅप्टर लावून थेट वायर जोडली. प्लॅन परत १०० वर आणला. वर्ग नीट चालतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की नेटवर्क सुधारायला काढलेल्या पैशांतला पहिला पैसा वायरीत घाला. टीव्ही, ऑफिसचा कॉम्प्युटर, कॅमेऱ्याचा डबा, म्हणजे ज्या वस्तू जागच्या हलत नाहीत त्यांना वायर द्या. हवा फक्त फोनसाठी मोकळी ठेवा.

आता वायर घ्यायची कशी, हेही पुरवणीत यायला हवं होतं. कॅट ६ (हा लॅनच्या केबलीचा दर्जा) मागा. शंभर मीटरपर्यंत १ जीबीपीएस, म्हणजे हजार एमबीपीएस, ती सहज नेते, पन्नासेक मीटरच्या आत १० जीबीपीएससुद्धा. घरात आधीच कॅट ५-ई टाकलेली असेल तर उपटू नका, तीही शंभर मीटरपर्यंत १ जीबीपीएस देते. खरी मेख धातूची आहे. दुकानात निम्म्या भावात एक केबल मिळते, तिच्यावरही कॅट ६ छापलेलं असतं, पण आतली तार ॲल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा. दुकानदार तिला 'सीसीए' म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही. ओळखायला सोपं आहे: तार ब्लेडनं खरवडा, आतून पांढरी निघाली तर परत द्या. तांबं आतपर्यंत तांबडंच असतं, आणि चार-पाच वेळा वाकवलं तरी पटकन तुटत नाही. मुलाम्याची तार जॅकमध्ये कालांतरानं सैल होते, आणि तिच्यावरून कॅमेऱ्याला वीजही दिली तर तापते. शुद्ध तांब्याची कॅट ६ मीटरला पंचवीस-तीस रुपयांच्या आसपास पडते. पेठेतल्या एखाद्या घराला चाळीस-पन्नास मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. हिशोब करा: हजार-दीड हजाराची वायर, तेवढ्याच किमतीचा पाच पोर्टचा (पोर्ट म्हणजे वायर खोचायची जागा) गिगाबिट स्विच, म्हणजे एका वायरीवरून अनेक वस्तूंना नेट वाटणारा डबा. तीन डब्यांचा बरा मेश संच दहा हजारांच्या पुढंच जातो.

भिंती फोडायच्या का, हा प्रश्न येतो. राजारामपुरी, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी या भागांत नव्वदच्या दशकात बांधलेल्या कित्येक बंगल्यांत टेलिफोनसाठी भिंतीतून पाइप टाकलेला आहे. घरमालक विसरलेले असतात. बेडरूममध्ये खाटेमागं रंगानं माखलेली चौकोनी पेटी दिसली तर उघडून बघा. जुन्या फोनच्या वायरीवर नेट चालवू नका, तिला पुरेसा पीळ नसतो. पण तिच्या टोकाला नवी केबल चिकटपट्टीनं घट्ट बांधली, एकानं इकडून ओढली, दुसऱ्यानं तिकडून हळूहळू आत सारली, तर पुष्कळदा न फोडता काम होतं. वळणावर अडलं की थोडी साबणाची पूड. विजेच्या वायरींच्या पाइपातून मात्र डेटाची केबल नेऊ नका, इलेक्ट्रिशियन कितीही म्हणाला तरी. पाइप नसेल तर केसिंग पट्टी. दिसते, पण महिन्याभरात नजरेला सवय होते.

राउटरच्या खोक्यावरच्या आकड्यांबद्दलही लिहितो, कारण गिऱ्हाईक तिथंच फसतं. एसी १२०० म्हणजे ३०० अधिक ८६७, पुढं गोल करून १२००. दोन वेगवेगळ्या पट्ट्यांची ती बेरीज आहे. तुमचा फोन साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, आणि हातात प्रत्यक्षात त्याच्या निम्मं आलं तरी खूप. त्यातही बाजारातल्या काही एसी १२०० राउटरना मागचे पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचे असतात! पुढं ठळक अक्षरांत १२००, मागं बारीक अक्षरांत १०/१००. ३०० चा प्लॅन असलेल्यानं असला डबा आणला तर त्याचा प्लॅन तिथंच संपला. खोकं उलटं करा आणि 'गिगाबिट पोर्ट' किंवा १०/१००/१००० लिहिलंय का तेवढं वाचा. एएक्स ३००० म्हणजे ५७४ अधिक २४०२, आणि तो २४०२ मिळायला १६० मेगाहर्ट्‌झची रुंद चॅनेल लागते, जी बऱ्याच फोनना जमतच नाही. घरात वाय-फाय ६ चा साधा गिगाबिट पोर्टवाला राउटर पुष्कळ झाला. वाय-फाय ७ चं प्रमाणपत्र जानेवारी २०२४ पासून सुरू झालं, चांगली गोष्ट आहे, पण ज्या सहा गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचा एवढा गवगवा आहे, तो जाड भिंतीपुढं पाचच्याही आधी हात टेकतो. अँटेनांची संख्या तर विचारूच नका. आठ अँटेनांचा डबा टीव्हीमागं कोंबून ठेवलेला मी बघितलाय.

मेश संच वाईट नाही. फ्लॅटमध्ये, पातळ विटांच्या भिंती असतील तर तो चांगला चालतो. पण त्यातला एक डबा दुसऱ्याशी हवेतूनच बोलतो. दोन पट्ट्यांच्या स्वस्त संचात फोनशी बोलायला आणि डब्याशी बोलायला तोच पट्टा वापरला, तर दर टप्प्याला वेग निम्म्यावर येतो. जुन्या घरात तर पहिल्या भिंतीलाच गाडी अडते. त्याच डब्यांना मागून वायर जोडा आणि बघा, मग ते पैसे वसूल करतात. भिंतीत खोचायचे ते छोटे एक्स्टेंडर, त्यांच्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

मेश घेण्यापेक्षा घरात पडून असलेला जुना राउटर वरच्या मजल्यावर वायरीनं जोडून 'ॲक्सेस पॉइंट मोड'वर टाका, म्हणजे तो फक्त वाय-फाय पसरवेल, नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच ठेवा. मोड न बदलता तसाच लावला तर दोन्ही डबे आपापले पत्ते वाटत बसतात, मग खालच्या फोनला वरचा प्रिंटर सापडत नाही आणि लोक प्रिंटरवाल्याला शिव्या घालतात. पासवर्ड 'ॲडमिन' असेल तर आजच बदला, हे वेगळं सांगायला नको.

आपल्या गावापुरत्या दोन-तीन गोष्टी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, शुक्रवार पेठेत खालच्या मजल्यावरच्या सगळ्या वस्तू पाण्यात गेल्या. पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा मीटरशेजारचा फायबरचा डबा सोडवत बसायला कुणाला सवड नसते, तो पहिल्यापासून वरच्या मजल्यावर घ्यायला सांगा. फायबर चार मीटर जास्त गेलं तर काही बिघडत नाही, फक्त कोपऱ्यात घडी पडेल असं दुमडू देऊ नका.

दुसरं, वळवाच्या विजा. एका घरातून समोरच्या घरात, किंवा गच्चीवरून मागच्या शेडमध्ये लॅनची केबल नेलेली बरीच दिसते. उद्यमनगरात तर ऑफिसातून फौंड्रीच्या शेडपर्यंत. वीज जवळ कुठं पडली तरी त्या तांब्यातून झटका आत येतो आणि दोन्हीकडचे पोर्ट एका दमात जळतात. दोन इमारतींमध्ये फायबरच टाका, काचेतून वीज येत नाही. फायबरला जोडून जी आधाराची लोखंडी तार असते, ती मात्र भिंतीच्या बाहेरच संपवायला सांगा.

तिसरं, लाइट जाणं. राउटरला छोटा यूपीएस घेतात आणि फायबरचा डबा तसाच ठेवतात, मग लाइट गेल्यावर वाय-फाय दिसतं आणि नेट नसतं. दोन्हींना द्या, मध्ये स्विच असेल तर त्यालाही. अडॅप्टरवरचे व्होल्ट जुळलेच पाहिजेत, ९ च्या जागी १२ लावू नका, ॲम्पिअर जास्त असला तर चालतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर 'यूपीएस' आणि 'इको' असं बटण असतं का बघा. इकोवर असेल तर बदलायला वेळ लागतो, राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि दोन-तीन मिनिटं गेलीच.

राहिला प्रश्न नव्या बांधकामांचा. फुलेवाडी, कळंबा, आर. के. नगरकडं इमारतींवर इमारती उभ्या राहताहेत. माहितीपत्रकात लिफ्ट, व्यायामशाळा, कारंजं सगळं असतं. प्रत्येक खोलीत डेटाच्या केबलीसाठी वेगळा रिकामा पाइप आहे, असं लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही. प्लॅस्टिकच्या पाइपाला असा कितीसा खर्च येतो? ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीबद्दल तारांकन देण्याचे नियम काढले. ते ऐच्छिक आहेत, त्यामुळं गिऱ्हाईकानं विचारल्याशिवाय बिल्डर त्या वाटेला जाईल असं वाटत नाही. आपलं वर्तमानपत्र दर आठवड्याला बांधकामाच्या जाहिराती छापतं. त्या पानावर एकदा तरी वाचकांना हे सांगा, की बुकिंगच्या वेळी प्लंबिंग आणि लाइटचा नकाशा मागता तसा डेटाच्या पाइपांचाही मागा. एक पाइप हॉलमधून प्रत्येक खोलीत आणि एक गच्चीपर्यंत, निदान पाऊण इंची.

आणि नेट देणाऱ्या मंडळींनाही विनंती. जोडणीला येणाऱ्या पोरांना आठही तारा बसवायला शिकवा, हातात शे-दोनशे रुपयांचा केबल टेस्टर द्या, आणि निघताना गिऱ्हाईकाच्या लॅपटॉपला वायर लावून वेग दाखवूनच सही घ्या. त्या पोरांचा दोष कमी आहे, दिवसाला जोडण्या किती झाल्या त्यावर त्यांचा पगार. गिऱ्हाईकानंही तेवढा वेळ त्यांच्याजवळ उभं राहावं. पैसे घेऊन वेग देत नसतील आणि तक्रारीला दाद नसेल, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. वायरीवर मोजलेल्या वेगाचा फोटो जवळ ठेवा. वाय-फायवर मोजलेला आकडा दाखवलात तर ते तुमच्या भिंतीकडं बोट दाखवतील, आणि ते खरंही असेल.

ज्यांच्या घराचं किंवा फ्लॅटचं काम आत्ता चालू आहे, त्यांनी प्लास्टर व्हायच्या आधी एकदा साइटवर जाऊन प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, शेजारी टेप धरून. पाइप जमिनीपासून किती उंचीवरून गेलाय, हे सहा महिन्यांनी कंत्राटदारालाही सांगता येत नाही.

आपला,
दूरसंचार खात्यातील एक निवृत्त केबल जोडणारा
मंगळवार पेठ, कोल्हापूर